सॉकेट डायरेक्ट बॅटरीवर

माझ्या मोटारसायकलीला मोबाइल चार्ज करायचं सॉकेट बसवलं त्याला आता दोन वर्षं होतील, आणि या दोन वर्षांत माझा स्वतःचा मोबाइल त्यावर एकदाही शंभर टक्के झालेला नाही. इतरांचे झाले. गल्लीतले बहुतेक मोबाइल माझ्या बॅटरीवर पोसले गेले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. (आहे. पण ती पुढे येईल.) माझी तक्रार अशी, की त्या सॉकेटपायी आमच्या लेकीची, ऋतुजाची, पोलीस भरती हुकता हुकता राहिली, आणि त्याचा सगळा दोष घरादारानं एकट्या माझ्या माथी मारला. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहून काढावं आणि चार लोकांना विचारावं, की यात माझं काय चुकलं?

आमचा धंदा मेंढरांचा. नांदूरघाटच्या जरा बाहेर घर आहे. वडील, म्हणजे आबा, अजून मेंढरांमागे फिरतात आणि मी गाडीवरून पुढे जाऊन रान ठरवतो. म्हणजे ज्याला शेतात लेंडीखत पाहिजे असतं, त्याच्या मोकळ्या रानात आमची दोनशे मेंढरं रात्रभर बसतात. सकाळी त्याचं रान खतावलेलं असतं आणि आम्हाला ज्वारी मिळते. हा सगळा कारभार फोनवर चालतो, आणि माझा फोन चालायचा दुपारी बारापर्यंत.

एकदा एका शेतकऱ्यानं ऐनवेळी रानात पाणी सोडलं आणि 'आज नको, उद्या या' हे सांगायला मला चार फोन केले. माझा फोन मेलेला. आबा दोनशे मेंढरं घेऊन तिथं गेले तर समोर चिखल, आणि मेंढरं बघता बघता शेजारच्या कडवळात, म्हणजे हिरव्या ज्वारीच्या चाऱ्यात. कडवळाच्या मालकानं आबांना तासभर उभं करून ऐकवलं. घरी आल्यावर आबा काही ओरडले नाहीत. पायावर पाणी घेतलं, घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "तुजा फोन म्हंजे आपल्या थोरल्या जावयावाणी हाय. जेवायला हजर, कामाला गायब."

(थोरले जावई त्या वेळी शेजारीच जेवत होते.)

आता एवढं ऐकल्यावर कुठला माणूस गप्प बसेल? दुसऱ्याच दिवशी मी नवनाथला बोलावलं. नवनाथ हा माझा मेव्हणा, माझी बायको शोभा हिचा धाकटा भाऊ. आयटीआय केलेला, केजमध्ये वायरिंगची कामं करतो. येताना त्यानं सॉकेट आणलं, त्याला दोन भोकं. एक मोबाइलच्या वायरीचं चपटं, आणि दुसरं गोल, चारचाकीत असतं तसलं मोठं. हे कशाला, असं मी विचारलं. "आसू द्या दाजी, कवा तरी कामाला येतंय," तो म्हणाला. आलं. लईच कामाला आलं.

त्याचं म्हणणं होतं, की लाइन चावीवरून घ्यायची. चावी चालू तर सॉकेट चालू, चावी बंद तर सॉकेट बंद. मी म्हटलं, मग उपयोग काय? रान ठरवायला गेलं की रानाचं बोलणं शेवटी निघतं. आधी चहा, मग पाऊसपाणी, मग त्याच्या चुलतभावाचं आणि त्याचं बांधावरून काय बिनसलं ते, मग दुसरा चहा. तास-दीड तास गाडी बाहेर उभी आणि चावी माझ्या खिशात. फोन चार्ज व्हायचा तो नेमका याच वेळात व्हायला पाहिजे.

"डायरेक्ट बॅटरीवरनं घे," मी सांगितलं.

"दाजी, बॅटरी उतरंल. आन् तुमच्या गाडीला किक न्हाई."

हे मला लागलं. गाडी घेतली त्या दिवशी आबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून किक कुठं आहे ते शोधलं होतं. मी सांगितलं होतं, की आता तो जमाना गेला, नुसतं बटन दाबायचं. "आन् बटन न्हाई चाललं तर?" असं आबांनी विचारल्यावर मी चार माणसांत मोठ्यानं हसलो होतो. आता तेच मेव्हण्यानं म्हणायचं म्हणजे हद्द झाली. मी म्हटलं, "माझी गाडी, माझी बॅटरी. तू डायरेक्ट घे." नवनाथनं बहिणीकडं बघितलं. बहिणीनं चुलीकडं बघितलं. मग त्यानं मुकाट्यानं डायरेक्ट घेतली आणि जाताना फक्त एवढंच म्हणाला, की फ्यूज टाकलाय.

पहिले आठ दिवस सुखाचे गेले. नवव्या दिवशी गावात दुपारपासून लाईट नव्हती आणि शोभाच्या लक्षात आलं, की आपल्या दारात लाईट उभी आहे. तिनं तिचा फोन लावला. मग शेजारच्या काकूंनी लावला. मग काकूंच्या सुनेनं हँडलला पिशवी अडकवली आणि त्या पिशवीत फोन नंबरानं बसू लागले. एक जण टॉर्च आणून ठेवून गेला, दुसरा दाढीचं मशीन. मी कुरकुर केली तर शोभा म्हणाली, की दारात आलेल्याला पाण्याला न्हाई म्हणत न्हाईत, तसंच चार्जिंगचं. मला सांगा, पाणी आणि चार्जिंग एक आहे का? पण हे मी फक्त मनात म्हटलं.

परिणाम व्हायचा तोच झाला. सकाळी बटन दाबलं की गाडी नुसती टिक टिक करायची. आता धक्का कोण मारणार? आमची ऋतुजा तेव्हा भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे पाचला उठून पळायला जायची. मी विचार केला, नाही तरी पोरगी पळतेच आहे, तर मोकळी कशाला पळायची? त्या दिवसापासून ती मागून ढकलायची आणि मी गाडीवर बसायचो. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जरा चढ आहे. कधी शाळेपाशी चालू व्हायची, कधी टाकीपाशी.

शोभाला हे दिसलं की तिचं तोंड चालू व्हायचं. "लेकीला ढकलाया लावता आन् सवता वर बसता? जनाची न्हाई तर मनाची तरी ठिवा." आता गाडीवर कुणीतरी बसायला नको का? गिअर कोण टाकणार, क्लच कोण सोडणार? ते तंत्राचं काम आहे. (माझं वजन थोडं भरीव आहे हे मला मान्य आहे, पण त्यात स्वयंपाक करणाऱ्याचाही वाटा आहे.) ऋतुजानं मात्र कधी तक्रार केली नाही. तिनं एकदा फक्त मामाला फोन करून विचारलं, की ही अशी किती दिवस चालेल. नवनाथ म्हणाला, की बॅटरी थोडी उतरली तर धक्क्यावर चालू होते, पण पुरती मेली तर देव ढकलायला आला तरी होणार नाही.

आठ महिने असे गेले आणि ऋतुजाच्या ग्राउंडची तारीख आली. ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी. बीडला सकाळी आठला हजर व्हायचं होतं. आठनंतर आलेल्याला आत घेत नाहीत, हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की ते मला झोपेतही पाठ होतं. आमच्याकडून पहिली एसटी धरून ते जमत नाही. गाडीवर सहाला निघायचं आणि मांजरसुंब्यावरून बीड गाठायचं असं मी ठरवलं. शोभा म्हणाली, नवनाथची गाडी मागवा. मी म्हटलं, माझ्या पोरीला माझ्या गाडीवर मी नेणार. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठं करायला निघाली होती आणि तिला तिथं पोचवायला मेव्हण्याची गाडी? शक्यच नाही.

मी तयारीत कसर ठेवली नव्हती, हे कृपा करून लक्षात घ्या. बॅटरी केजला नेऊन पूर्ण चार्ज करून आणली. तीन दिवस आधी अंगणात उभं राहून फर्मान काढलं, की आजपासून गाडीला कुणाचाही फोन लागणार नाही. काकूंच्या सुनेची पिशवी मी स्वतः परत नेऊन दिली. आदल्या संध्याकाळी लाईट गेली आणि माझा फोन चार टक्क्यांवर आला. मी फोनकडं बघितलं, सॉकेटकडं बघितलं आणि मन आवरलं. नियम म्हणजे नियम. गाडीवर आबांची घोंगडी घातली, आजारी माणसाला खोचतात तशी चारी बाजूंनी खोचली आणि समाधानानं झोपलो.

सकाळी साडेपाचला अंघोळ करून, अनवाणी, ओल्या पायांनी, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन मी गाडीची पूजा करायला गेलो. अंगावर पांढरा शर्ट. खिशात ऋतुजाचं हॉलतिकीट, कारण पोरांच्या हातून अशा वस्तू हरवतात. तर घोंगडीखालून आवाज यायला लागला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. मला वाटलं, माझंच काळीज वाजतंय. मी घोंगडी जरा बाजूला केली आणि हँडलवर हात ठेवला.

पुढचं मला शोभानं सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी बोकडासारखा ओरडलो, मागे उडालो आणि ताटासकट खाली बसलो. शर्टावर सगळं कुंकू सांडलं. ते बघून तिला वाटलं रक्तच आलं, म्हणून तीही ओरडली. ते कुंकू आहे हे कळल्यावर ती भडकली, हे काय सोंग म्हणाली आणि दाखवायला म्हणून स्वतः गाडीला हात लावला. मग तीही माझ्या शेजारी येऊन बसली.

डोकं एकट्या ऋतुजानं चालवलं. काठीनं घोंगडी उचलली. सॉकेटच्या त्या गोल भोकातून एक वायर निघाली होती, ती कुंपणावरून पलीकडं गेली होती, आणि पलीकडं आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. तिथं झटका मशीन. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शेताभोवती तार ओढून ती या मशीनला जोडतात. डुक्कर किंवा लांडगा तारेला लागला की त्याला झटका बसतो, मरत नाही पण परत येत नाही. मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि ती बॅटरी उन्हावर चार्ज होते. चार दिवस ढगाळ होतं, तेव्हा मशीनची बॅटरी बसली होती.

एवढ्यात आबा आले. तोंडात लिंबाची काडी.

"आबा," मी खालूनच विचारलं, "गाडीला कुणीच काय लावायचं न्हाई, आसं म्या सांगितलं व्हतं का न्हाई?"

"फोन लावायचा न्हाई म्हणलास."

"मंग?"

"मंग मशीन काय फोन हाय का?"

मी विचारलं, गाडीला करंट कशानं आला. तर मशीनची एक वायर जमिनीत सळई रोवून तिला बांधावी लागते. सळई मागच्याच रानात राहिली होती. आबांनी विचार केला, गाडी लोखंडाची आहे, स्टँड जमिनीवर टेकलेलं आहे, मग वेगळी सळई कशाला? ती वायर त्यांनी गाडीच्या लेगगार्डला गुंडाळली. त्यामुळं ओलं गवत तारेला लागलं की झटका माझ्या गाडीला, आणि आता मला.

"लांडगा तरी आला का रातीला?" मी चिडून विचारलं.

"त्यो कशाला येतोय," आबा म्हणाले. "तू आलास तेवढा."

वायरी काढल्या. बटन दाबलं. गाडीनं टिकसुद्धा केलं नाही. सहा वाजले होते. ऋतुजानं पाठीला बॅग अडकवली, मागे जाऊन उभी राहिली आणि मी सवयीनं गाडीवर बसलो. शाळा गेली. टाकी गेली. मी दर दहा पावलांनी क्लच सोडत होतो आणि गाडी दर वेळी नुसती आचका देत होती. टाकीच्या पुढे रस्ता फाट्याकडं जातो, तिथं ऋतुजा थांबली. धापा टाकत नव्हती, हे मला तेव्हाही जाणवलं.

"पप्पा, पुरती मेलीय ती. मामा म्हणला व्हता." तिनं खाली बसून बुटाची नाडी आवळली. "तुमी बसा. मी जाते." आणि पळाली. फाटा तिथून अडीच-तीन किलोमीटर. तिथून सकाळी बीडला दुधाचे टेम्पो जातात.

मी गाडीवर बसून तिच्याकडं बघत राहिलो. बरं वाटलं. पोरगी काही ना काही करून पोचेल. मग घाम पुसायला हात छातीशी नेला आणि खिशात कागद वाजला. हॉलतिकीट.

तेव्हा छातीत जे धस्स झालं, तसला झटका आबांच्या मशीननंही दिला नव्हता. आठ महिने पहाटे पाचला उठलेली पोर, आणि तिचा कागद माझ्या खिशात! फोन काढला. चार टक्क्यांचे रात्रीत शून्य झाले होते. गाडी तिथंच आडवी टाकली आणि पळत सुटलो.

आता तुम्ही स्वतः डोळ्यांसमोर आणा. पुढे एक तरणी पोर जीव खाऊन पळतेय. मागे एक अनवाणी, जाडजूड माणूस, पांढऱ्या शर्टावर लालभडक डाग, 'थांब, थांब' ओरडत. शेताकडं निघालेल्या दोघांनी मोटारसायकल आडवी लावली आणि एकानं माझी कॉलर धरली.

"काहून लागलास रं पोरीच्या मागं?"

मी म्हटलं, मी बाप आहे तिचा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बाप आसा आस्तो व्हय?" शेवटी हॉलतिकीट काढून दाखवलं. त्यावर तिचं नाव, माझं आडनाव, आणि पोरीचा चेहरा थोडा माझ्यावर गेलाय (शोभा हे मान्य करत नाही), एवढ्यावर त्यांचा विश्वास बसला. मग मात्र भली माणसं निघाली. मला मागे बसवलं. त्यांची गाडी वीस वर्षांची, आरशाच्या जागी नुसती दांडी. पण एका किकमध्ये चालू झाली. त्या किकचा आवाज माझ्या अजून कानात आहे.

फाट्यावर पोचलो तेव्हा ऋतुजा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि टेम्पो हलत होता. मी पळत पळत खिडकीतून कागद तिच्या हातात दिला. आत दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. ती खिडकीतून वळून बघत गेली. माझे पाय, शर्ट, सगळं बघितलं तिनं आणि हसली नाही. मला खरं सांगायचं तर तिथं पहिल्यांदा लाज वाटली.

दिवसभर काही कळायला मार्ग नव्हता. माझा फोन मेलेला, गाडी मेलेली, गावात लाईट नाही. शोभा माझ्याशी बोलत नव्हती आणि आबा फार बोलत होते. संध्याकाळी ऋतुजा एसटीनं आली. तोंड धुतलं, ताटावर बसली, तीन भाकरी खाल्ल्या. आमच्यापैकी कुणाची विचारायची हिंमत होईना. मग तीच म्हणाली, की पाच मिनिटं आधी पोचले आणि आठशे मीटरला गटात पहिली आले.

"सकाळी एवढं ढकलून, पळून पण?" मी विचारलं.

"तिथं नुसतंच पळायचं व्हतं, पप्पा. पुढं गाडी न्हवती, वर तुमी न्हवता. लई हलकं वाटलं."

ती भरती झाली. गावानं सत्कार केला, तेव्हा माइकवर तिला विचारलं की कुणाचं मार्गदर्शन लाभलं. मी पहिल्या रांगेत शर्ट नीट केला, जरा सरळ बसलो. तिनं सगळं सांगितलं. सॉकेट, पिशवी, टाकीपर्यंतचा चढ, गाडीवर बसलेला मी. लोक रडेपर्यंत हसले. नवनाथ शेजारी बसला होता. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तो वाजवतच होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून लाइन चावीवरून करून घेतली. आता बॅटरी ठणठणीत आहे, बटन दाबलं की गाडी चालू. पण त्याच आठवड्यात पहाटे पाचला दारात हाक आली. बघतो तर गावातल्या चार पोरी, भरतीची तयारी करणाऱ्या.

"काका, गाडी बंद हाय का आज?"

मी अभिमानानं सांगितलं, की आता ती कधीच बंद पडत नाही. चौघींची तोंडं उतरली. मग एकीनं सुचवलं, की चालू नका करू, बंदच राहू द्या, आम्ही टाकीपर्यंत ढकलतो. मी म्हटलं, ठीक आहे, घेऊन जा, ढकला, माझं काय काम आहे तिथं? चौघी एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी त्यातली थोरली खाली मान घालून, माझा मान राखून म्हणाली,

"नुसती गाडी हलकी पडती, काका."

तेव्हापासून रोज पहाटे तासभर मी बंद गाडीवर बसून पाण्याच्या टाकीला जातो आणि येतो. मी मधेच बटन दाबू नये म्हणून चावी शोभाकडं असते. चावी बंद म्हणजे सॉकेट बंद, आणि हातात मोबाइल, बारा टक्के.